डावीकडे वळताना

आवाज फक्त डावीकडे वळताना यायचा. सरळ जाताना नाही, उजवीकडे वळताना नाही, आणि गाडी उभी असताना तर नाहीच नाही. डावीकडे स्टेअरिंग फिरवलं की खालून कुठून तरी कट्-कट्-कट्-कट्, पलीकडच्या खोलीत बसून कोणी अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा. वळण संपलं की सुपारीही संपायची.

चुडामण महाजन, म्हणजे कॉलनीचे महाजन नाना, यांना तो पहिल्यांदा ऐकू आला पाडव्याच्या आदल्या दिवशी. पावसाळ्यापासून झाकून ठेवलेली गाडी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा काढली होती, आणि गुढीसाठी साखरेचा हार घेऊन ते घरी येत होते. घरात हार खाणारं कोणी नव्हतं, पण गुढीला लागतो. महाबळच्या रस्त्यावरून गल्लीत वळताना आवाज झाला, म्हणून नानांनी गाडी थांबवली. आवाजही थांबला. नानांनी उतरून गाडीभोवती एक चक्कर मारली, चारही टायरांना चपलेच्या टोकाने ठोसलं आणि काहीतरी कळल्यासारखी मान हलवली. गाडीतलं ज्यांना काही कळत नाही ते सगळे एवढंच करतात, आणि तेवढ्याने त्यांना बरंही वाटतं.

आता गाडीत आवाज येणं म्हणजे काही जगबुडी नव्हे. जळगावात निम्म्या गाड्या वाजतात आणि उरलेल्या निम्म्यांचे मालक बहिरे आहेत. पण नानांपुढे आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, होती. आखाजीला लेक माहेरी आणायची, आणि तिला सासरहून घेऊन येतो तो मुराळी. हे काम खरं भावाचं. पण नानांचा मुलगा योगराज हैदराबादला, आणि त्याच्या कंपनीला आखाजी माहीत नाही. म्हणून दरवर्षी नाना आणि त्यांच्या पत्नी रत्नाबाई दोघंच गाडी काढून धुळ्याला जात आणि मोनालीला घेऊन येत. नाना चालवत, रत्नाबाई शेजारी बसून चालवायला लावत.

मागच्या पावसाळ्यात रत्नाबाई गेल्या. म्हणजे यंदाच्या आखाजीला, गेलेल्या माणसासाठी भरतात ती त्यांच्या नावाची पहिली घागर. नवी घागर, तिच्यावर डेरगं म्हणजे धाकटं मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. नाना घागर भरू शकले असते. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात उभी नोकरी गेलेली, पाणी भरण्याचं भय नव्हतं. पण सांजोऱ्या त्यांच्या हातून होणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्या घरात एकट्याने ती घागर मांडायची या कल्पनेनेच त्यांना धडकी भरत होती. मोनालीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "बघू पप्पा. मम्मी नाही, तर नुसत्या भिंती बघायला येऊ का?" 'बघू' हा शब्द सरकारी कचेरीत कशासाठी वापरतात हे नानांइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं. तिला आणायचं तर दारात जाऊनच उभं राहायला हवं होतं, आणि दारात जायचं तर गाडी धड हवी होती.

नानांनी संशोधनाला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. गाडीचा आवाज शोधायला दोन माणसं लागतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने ऐकायचं. एकट्या माणसाला आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. गाडी चालवता चालवता डाव्या चाकापाशी कान नेता येत नाही, आणि कान नेला तर गाडी चालत नाही. रत्नाबाई गेल्यावर एकट्याने करता न येणाऱ्या गोष्टींची नानांना रोज नवी ओळख होत होती. पलंगाची चादर घालणं, पाठीला मलम लावणं, पंख्याचं स्टूल धरणं. त्यात ही एक भर पडली.

त्यांनी युक्ती केली. डाव्या सीटखाली मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि कॉलनीला फेरी मारली. घरी येऊन, चष्मा लावून, जणू चष्म्याने ऐकू येतं अशा थाटात ते ऐकायला बसले. कट्-कट् अगदी बारीक ऐकू येत होतं. त्याच्यावर मात्र एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज स्पष्ट होता. "हं, आता बघ. आता येईल. आला का? आला. मग! मी काय सांगत होतो?" आपण गाडीत बोलतो हे नानांना माहीत नव्हतं. त्यांनी ते रेकॉर्डिंग लगेच पुसून टाकलं आणि उगाचच दाराची कडी लावली.

तेव्हा दुसरं माणूस शोधणं आलं. समोरच्या बंगल्यातले प्रकाशचंद जैन दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळे झाले होते. दुकान सुटलं तरी गिऱ्हाईक पारखायची नजर सुटली नव्हती. ते डाव्या सीटवर बसले, आवाज ऐकला आणि डोळे मिटून म्हणाले, "नानासाहेब, मेरी मानो, विकून टाका. माल बोलू लागला की भाव पडतो."

"पण आवाज कुठून येतो?"

"ते घेणारा बघेल ना!"

त्यानंतर आले गल्लीतले पंडित ड्रायव्हर. हे जामनेरचे, एसटीतून निवृत्त, आणि गाडीचा रोग आपल्याला तळपायाने कळतो असा त्यांचा दावा होता. ते चप्पल काढून बसले, पॅन्ट घोट्यापर्यंत वर घेतली आणि अनवाणी पाय गाडीच्या तळाशी लावून नाडी बघितल्यासारखे स्तब्ध झाले. "घ्या डावीकडे." नानांनी घेतलं. "अजून एकदा घ्या." नानांनी अजून एकदा घेतलं. अशा डाव्या वळणांनी सबंध ब्लॉकला प्रदक्षिणा झाल्यावर पंडितांनी निदान केलं, "नाना, हा रॅकचा आवाज शे. नसला तर बेअरिंगचा. नसला तर मग दुसरा कशाचा तरी शे." इतकं बिनचूक निदान डॉक्टरांनीसुद्धा कधी केलं नव्हतं.

प्रकाशचंदांना पंडितांचा पाय पटला नाही. त्यांच्या मते आवाज डिकीतून येत होता. मग रविवारी सकाळी डिकी रिकामी करण्याचा सोहळा झाला. स्टेपनी निघाली, जॅक निघाला, दांडा नसलेली छत्री निघाली, चिंचेच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं, आणि सगळ्यात खाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक चांगला चपटा काळा दगड निघाला. "हा बघा!" प्रकाशचंद ओरडले. "धोंडा घेऊन फिरता आणि वरून म्हणता आवाज येतो!"

तो रत्नाबाईंचा दगड होता. हँडब्रेकवर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता. एवढीशी काडी ओढून एवढी मोठी गाडी थांबते हे त्यांना पटायचं नाही. कुठेही चढावर गाडी लावली की त्या आधी उतरायच्या, चाकाखाली दगड लावायच्या आणि मग नानांना उतरायची परवानगी द्यायच्या. नाना चारचौघांत ओशाळे होत. "अगं, लोक हसतात." "हसू द्या. गाडी गेली तर तेच धावायला येणार आहेत का?" नानांनी यातलं प्रकाशचंदांना काहीच सांगितलं नाही. दगड ओट्यावर ठेवून गाडी फिरवून पाहिली, तर आवाज होताच. मंडळी चहा पिऊन गेल्यावर नानांनी दगड पुन्हा टॉवेलात गुंडाळला आणि होता तिथे ठेवला. डिकी बंद करताना त्यांना भरून आलं, आणि भरून आल्याचा रागही आला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिपमाला नावाची मुलगी हातात टॅब घेऊन उभी होती. "अंकल, प्रॉब्लेम काय आहे?" नोकरीत असताना ज्यांना ठेकेदार वाकून साहेब म्हणत, त्यांना आता कोणीही अंकल म्हणतं. नानांनी तो घोट गिळला आणि आवाज तोंडाने काढून दाखवला. "कट्-कट्-कट्." दिपमालाने टॅबमध्ये पाहिलं. "अंकल, यात रॅटलिंग आहे, स्क्वीकिंग आहे, हमिंग आहे. तुमचा यात कुठे बसतो?" नानांनी पुन्हा कट्-कट् केलं. बाकावर बसलेली गिऱ्हाइकं आपापल्या मोबाइलमधून मान वर काढून बघू लागली. शेवटी दिपमालाने 'इतर' वर बोट ठेवलं. आयुष्यभर आपण ज्या रकान्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्या रकान्यात आपण पडलो, हे नानांच्या मनाला फार लागलं.

मग टेस्ट ड्राइव्ह. मेकॅनिक गाडी घेऊन गेला, परत आला आणि म्हणाला, आवाज नाही. "डावीकडे वळलात का?" नानांनी विचारलं. तेव्हा असं कळलं की सेंटरचा टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला आहे. गेटमधून सरळ जायचं, दुभाजकाच्या फटीतून यू-टर्न घ्यायचा आणि सरळ परत यायचं. यू-टर्न अर्थातच उजवीकडचा. त्या रस्त्यावर डावं वळण नव्हतं, आणि दुसऱ्या रस्त्याने गाडी न्यायला विम्याची परवानगी नव्हती. नानांनी वाद घातला. दिपमालाने तो शांतपणे ऐकला आणि गाडी फुकटात धुवून दिली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'आवाज आढळला नाही.' हे वाक्य नाना दुसऱ्या बाजूने चांगलं ओळखत होते. नळाला पाणी येत नाही म्हणणाऱ्या कित्येक गावांना त्यांच्या खात्यातून याच चालीचं उत्तर जात असे. आता ते त्यांच्याच हातात आलं होतं, आणि वाचायला अगदीच वेगळं लागत होतं.

गाडी गेटमधून बाहेर काढून डावीकडे वळवली, आणि कट्-कट्-कट्. नाना लगेच परत फिरले. वॉचमन म्हणाला, "साहेब, तुमची तक्रार बंद झाली."

संध्याकाळी सेंटरमधून फोन आला. एक गोड आवाज विचारत होता की आमची सेवा कशी वाटली. नाना खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी पाडव्यापासून सगळं सांगितलं. आवाज, दगड, पंडितांचा तळपाय, यू-टर्न, आखाजी, मोनाली. पलीकडून कोणी मध्ये बोललं नाही, घाई केली नाही. इतक्या शांतपणे नानांचं म्हणणं बऱ्याच महिन्यांत कोणी ऐकलं नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर तोच आवाज म्हणाला, "आपण कोणताही अंक दाबलेला नाही." यंत्र होतं ते.

तेव्हा नानांनी स्वतःच्या अकलेने मार्ग काढला. आवाज डावीकडे वळतानाच येतो ना? मग डावीकडे वळायचंच नाही. तीन वेळा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्यासारखंच होतं, हे भूमितीतलं सत्य आहे. दूध आणायला ते उलट बाजूने जाऊ लागले, भाजी आणायला सगळ्या कॉलनीला वळसा घालू लागले. पेट्रोल जास्त जळायचं, पण वेळही जास्त जायचा, आणि वेळ घालवणं ही नानांची तशीही मोठी गरज होती.

हे शास्त्र एका मोठ्या चौकात आपटलं. या चौकाच्या मधोमध कारंजं आहे आणि कारंज्यात पाणी सोडून सगळं आहे. (पाणी का नाही हे नानांना माहीत होतं, पण तो वेगळा विषय.) चौकाला फेरा घालताना स्टेअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे नाना आरामात फिरत होते. पण चौकातून बाहेर पडायला डावीकडे वळावंच लागतं, हे आत शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यात मागे एक ट्रक, डावीकडे रिक्षांची रांग. आता वळू, पुढच्या फाट्याला वळू, असं करत नाना कारंज्याभोवती फिरतच राहिले. शेवटी ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारून गाडी बाजूला घेतली. हवालदार तरुण होता, आणि दुर्दैवाने चांगल्या मनाचा होता.

"बाबा, घर सापडत नाहीये का?"

"सापडतंय. मला फक्त डावीकडे वळायचं नाही."

हवालदाराने नानांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. "असू द्या, असू द्या. घरी कोण असतं?"

"कोणी नाही," नाना म्हणाले. खरं उत्तर तेवढंच होतं, पण त्या वेळी ते द्यायला नको होतं. हवालदाराचा चेहरा आणखी मऊ झाला. त्याने नानांना बाटलीतलं पाणी पाजलं, त्यांच्या मोबाइलमधून मुलाचा नंबर काढला आणि हैदराबादला फोन लावला. "तुमचे वडील चौकात गोल गोल फिरताना सापडले. काळजी करू नका, बसवून ठेवलंय." नाना रिक्षावाल्यांच्या देखत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून योगराजचे फोन वाढले. आधी तो रविवारी करायचा, तोही जेवता जेवता. आता रोज. "पप्पा, आवाज कसा आहे?" आणि नाना सांगायचे, आज जरा जास्त होता, आज सकाळी कमी होता. ब्लडप्रेशरबद्दल सांगावं तसं. मोनालीचाही रोज फोन. "आवाज कसा आहे पप्पा?" नाना कसे आहेत हे कोणी विचारत नव्हतं, पण नानांना ते चालत होतं. रोज घरात फोन वाजत होता.

मग आखाजी तोंडावर आली आणि मोनालीने जे सांगायचं ते सांगितलं. "पप्पा, दादाशी बोलले मी. तुम्ही गाडी घेऊन हायवेला यायचं नाही. यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे 'बघू'ची पुढच्या वर्षावर बदली झाली. नाना "बरं" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायचं विसरून गेले. घरात करपल्याचा वास भरला तेव्हा त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. जळगाव ते धुळे रस्ता सरळ आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी, ऊन चढायच्या आत, त्यांनी गाडी बाहेर काढली. पंडित ओट्यावर दात घासत होते. "कुठी निघाले नाना?"

"धुळ्याला. मुराळी."

"आन् आवाज?"

"रस्ता सरळ आहे पंडितराव." पंडितांनी तोंडातला ब्रश काढून हात वर केला. आशीर्वाद होता की इशारा, ते नानांना कळलं नाही.

एरंडोलपर्यंत गाडी गप्प. पारोळ्याला मात्र गावात जाणं भाग होतं, कारण रत्नाबाई पारोळ्याच्या आणि आखाजीची घागर त्यांना पारोळ्याच्याच बाजारातली लागायची. जळगावची घागर पाझरत नाही, पाणी गार होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. घागर घेताना त्या बोटाच्या पेराने ती वाजवून घेत, आणि कितीतरी घागरी नापसंत करून एक उचलत. नानांनी वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांचा आवाज सारखाच येत होता. महिनाभर आवाजाचाच ध्यास घेतलेल्या माणसाला चांगला आवाज कोणता ते कळेना. शेवटी त्यांनी घागर आणि डेरगं डोळे मिटून उचललं.

आता ही घागर गाडीत ठेवायची कशी? मागच्या सीटवर ठेवली तर गडगडणार. तेवढ्यात टोपी घातलेला एक म्हातारा पुढे आला. "धुळाले जाई ऱ्हायनात का? माले लई चला. घागर मी धरस मांडीवर." सौदा चांगला होता. उखर्डू नाव सांगून म्हातारा डाव्या सीटवर बसला, घागर मांडीत घेतली, डेरगं पोटाशी धरलं आणि पारोळा सुटायच्या आत झोपला. नानांना ऐकायला माणूस मिळाला होता तोही असा. धुळ्यात शिरल्यावर पहिल्याच डाव्या वळणाला कट्-कट्-कट् झालं आणि उखर्डू बाबा जागे झाले. त्यांनी थोडा वेळ कान दिला.

"नाना, मना गुडघाबी आसाच वाजस. डाक्टर म्हने, चालू द्या."

एवढं बोलून ते पुढच्या कोपऱ्यावर उतरून गेले. पंडित, प्रकाशचंद आणि सर्व्हिस सेंटर यांच्यापेक्षा हा सल्ला बरा, असं नानांना वाटून गेलं.

मोनालीने दार उघडलं आणि ती दारातच उभी राहिली. "पप्पा! गाडीने आलात? एकटे? मी नाही म्हटलं होतं ना?"

"रस्ता सरळ आहे," नाना म्हणाले. वाटेत त्यांनी बोलायचं बरंच ठरवलं होतं. त्यातलं एवढंच आठवलं.

"मी नाही येत पप्पा." ती रडवेली झाली होती. "मला नाही जमणार त्या स्वयंपाकघरात उभं राहायला."

नानांनाही त्या स्वयंपाकघरात उभं राहायला जमत नव्हतं; ते रोज उभे राहत होते एवढंच. हे त्यांना सांगायचं होतं, पण लेकीच्या सासरी, दारात उभं राहून, हे कसं सांगतात ते त्यांना माहीत नव्हतं.

आतून मोनालीच्या सासूबाई लताबाई बाहेर आल्या. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुढच्या सीटवर ठेवलेल्या घागरीकडे पाहिलं. "काय हो नाना, तुमना बठ्ठा केस पिकी गयात नि आते मुराळी व्हयनात व्हय?" मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "मोनाली, बॅग भर. दारशी आयेल मुराळीले कोणी रिकामा धाडस का? आमना घरमा आसं कधी व्हयनं नही."

मोनालीने नवऱ्याकडे बघितलं. हितेंद्र म्हणाला, "आईपुढे माझं काही चालत नाही," आणि माळ्यावरून बॅग काढून दिली.

निघताना प्रश्न आला घागरीचा. उखर्डू बाबांची मांडी आता नव्हती. मोनाली म्हणाली, "राहू द्या तिला तिथेच," आणि तिने पुढच्या सीटवर घागर नीट बसवली, तिला बेल्ट लावला, डेरगं कपड्यात गुंडाळून खाली अडकवलं आणि स्वतः मागे बसली. मागची सीट तिची नेहमीचीच होती. घराबाहेर थोडा उतार होता. गाडी लावताना नानांनी चाकाखाली दगड ठेवला होता, आणि तो काढायचं ते विसरले होते. गाडी हलेना तेव्हा मोनालीच उतरली, दगड काढला, पदराने पुसला आणि आपल्या पायापाशी ठेवला.

गल्लीतून बाहेर पडताना डावं वळण होतं. कट्-कट्-कट्-कट्.

"ऐकलास?" नाना उत्साहाने म्हणाले. अखेर ऐकणारं माणूस गाडीत होतं. "हाच तो! पाडव्यापासून सुरू झालाय."

"हा?" मोनाली म्हणाली. "हा आवाज होय? पप्पा, हा तर कधीचा आहे."

"कधीचा म्हणजे?"

"मागच्या आखाजीलाही होता. त्याच्या आधीही. मागे बसलं की चांगला ऐकू येतो."

"मग मला कसा नाही आला?"

मोनालीने पायापाशी ठेवलेला दगड नीट सरकवला. "मम्मी बोलायची ना. डावीकडे वळायची वेळ आली की तिचं सुरू व्हायचं. अहो, डावीकडून रिक्षा येतेय. अहो, हळू, म्हैस आहे. तुम्ही म्हणायचे, दिसतंय मला, दिसतंय. दोघांच्या भांडणात वळण संपून जायचं."

नानांनी आरशात पाहिलं नाही, शेजारीही पाहिलं नाही. शेजारी घागर बेल्ट लावून बसली होती. आवाज नवा नव्हताच. गाडीत शांतता तेवढी नवी होती, आणि तिच्यासाठी ते महिनाभर मेकॅनिक शोधत होते. पारोळा मागे पडेपर्यंत नाना डोळे पुसत गाडी चालवत होते आणि मोनाली मागे बसून ते दिसत नसल्यासारखं खिडकीबाहेर बघत होती. मग ती एकदम म्हणाली, "पप्पा, घागर वाजवून घेतली का?"

"घेतली. पण मला काही कळलं नाही."

तिने मागून हात लांबवून घागरीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. "चांगली आहे," ती म्हणाली.

आखाजी झाली. घागर पाझरली, पाणी गार झालं, सांजोऱ्या पहिल्या घाण्याला फुटल्या आणि दुसऱ्या घाण्याला जमल्या. मोनाली स्वयंपाकघरात रडली, मग नाना रडले, मग दोघांनी आमरस खाल्ला. प्रकाशचंदांच्या राजकुंवरबाई ताट घेऊन आल्या, पंडित जेवायला आले आणि घागर भरल्यावर थोडे दिवस तरी गाडी विकू नये असं ठरलं. चार दिवस माहेरी राहून मोनाली हितेंद्रबरोबर परत गेली.

नंतर पंडितांनी सांगितलेल्या गॅरेजात गाडी नेली. पुढच्या एक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजला होता, तो बदलला. (पंडित म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, दुसरा कशाचा तरी शे?") परत येताना नानांनी मुद्दाम डावीकडे वळायचे सगळे रस्ते घेतले. कुठेच काही वाजलं नाही. गल्लीच्या तोंडाशी वळताना डावीकडून एक रिक्षा आली. गाडीत कोणीच काही बोललं नाही.

"दिसतेय मला," नाना म्हणाले, आणि हळू वळले.

घरात शिरतात तोच फोन वाजला. मोनाली होती. "पप्पा, केलं का काम? आवाज गेला ना?"

नानांनी ओट्यावरच्या घागरीकडे पाहिलं. आवाज गेला म्हटलं की उद्या फोन कशासाठी येणार, हे त्यांना फार स्पष्ट दिसत होतं.

"गेला म्हणतात ते लोक," नाना म्हणाले. "पण मला वाटतं, थोडा आहे अजून. डावीकडे वळताना."

मग मोनाली म्हणाली, "बरं पप्पा. मग रविवारी येते मी बसने. मागे बसून ऐकते."

"मागे नको," नाना म्हणाले. "पुढे बस."